दौतीचं विसर्जन, लेखणीचा जीर्णोद्धार

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी ठाण्याच्या जांभळी नाक्यावर किंवा कल्याणच्या बाजारपेठेत वहीपूजन चालू असतं, तेव्हा पाटावर लक्ष्मीच्या जोडीला आणखी दोघी बसलेल्या असतात. पूजाविधीप्रमाणे दौत ही महाकाली आणि लेखणी ही सरस्वती. दोघींना स्वतंत्र गंध, स्वतंत्र फूल, स्वतंत्र नमस्कार. हिशोब संगणकावर गेले, कराची विवरणपत्रं ऑनलाइन भरली जाऊ लागली, तरी पूजेला एक कोरी वही आणि एक पेन लागतोच. दौत मात्र आता क्वचितच दिसते.

ती गेली पेनाच्या पोटात. फाउंटन पेनाने महाकाली आणि सरस्वती एकाच दांडीत आणल्या आणि पुढे कार्ट्रिजने महाकालीला वापरून फेकायच्या नळीत बसवलं. नळी रिकामी झाली की नवी घालायची, एवढा साधा व्यवहार. पण बनवणाऱ्या कंपनीनेच ती नळी बंद केली की घरात एक चमत्कारिक वस्तू उरते. निब शाबूत, टोपण शाबूत, क्लिपवरचा सोनेरी मुलामाही शाबूत, आणि लिहायला शाई नाही. आजोबांचा तो पेन टाकवतही नाही आणि चालतही नाही. त्याचं करायचं काय, हा प्रश्न स्टेशनरीच्या दुकानात सुरू होतो आणि तिथे संपत नाही. जीर्ण वस्तूशी माणसाने कसं वागावं याचा इथल्या धर्मपरंपरांनी दोन हजार वर्षं विचार केला आहे, आणि त्यांचं एकमत झालेलं नाही.

आधी त्या नळीबद्दल. 1930 च्या दशकात फ्रान्समध्ये वॉटरमनच्या पेनांसाठी काचेची कार्ट्रिज निघाली. 1953 मध्ये वॉटरमनचा सी/एफ हा पेन प्लास्टिकचं कार्ट्रिज घेऊन आला आणि बोटं न बरबटता शाई भरण्याची सोय जगभर गेली. मागोमाग इतर कंपन्या आल्या आणि प्रत्येकीने आपल्या कार्ट्रिजचं तोंड वेगळं ठेवलं. शेफरचं वेगळं, पार्करचं वेगळं, लॅमीचं वेगळं. जपानच्या पायलट, प्लॅटिनम आणि सेलर या तिघींचंही आपसात जुळत नाही. युरोपातल्या बऱ्याच कंपन्यांनी एक सामाईक माप मानलं. त्यातल्या आखूड कार्ट्रिजमध्ये साधारण 0.8 मिलिलिटर शाई मावते. 1960 मध्ये आलेल्या पार्कर 45 साठी जे माप ठरलं, तेच पार्कर आजही विकते, त्यामुळे साठ वर्षांपूर्वीचा 45 आजच्या पाकिटातल्या कार्ट्रिजवर सुखाने चालतो. सी/एफच्या नशिबी ते नव्हतं. त्याचं कार्ट्रिज केव्हाच बंद झालं. दोन्ही पेन सारख्याच निगुतीने घडवलेले होते. एकाचं आयुष्य कंपनीने एक माप बदललं नाही म्हणून वाढलं आणि दुसऱ्याचं बदललं म्हणून खुंटलं.

ठाण्याचा गोखले रोड, राम मारुती रोड, डोंबिवलीचा फडके रोड, कल्याणचा शिवाजी चौक, कुठेही जुना पेन उघडून काउंटरवर ठेवला की पुढचा प्रसंग ठरलेला असतो. दुकानदार आतून दोन-तीन पाकिटं काढतो, एक नळी घुसवून बघतो. ती सैल बसते. दुसरी बसते, पण दांडीचे आटे पुरते फिरत नाहीत. "काका, हे आता येत नाही. फोर्टात विचारून बघा," असं म्हणून तो शेजारी उभ्या असलेल्या पाचवीतल्या मुलाला नवा इंक पेन दाखवायला लागतो.

खरं तर या भागाला कार्ट्रिजची सवय उशिरा लागली. दिगंबर परशुराम दांडेकर यांनी भाऊ गोविंद यांच्यासह 1931 मध्ये मुंबईत शाईची पावडर आणि गोळ्या विकायला सुरुवात केली. छाप घोड्याचा होता. पुढे उंट आला आणि त्या उद्योगाचं कॅम्लिन झालं. 2011 मध्ये जपानच्या कोकुयोने त्यात मोठा हिस्सा घेतला, तरी कॅमलच्या शाईची बाटली दुकानांत राहिलीच. मराठी शाळांतल्या कित्येक पिढ्यांनी ती शाई ड्रॉपरने थेट दांडीत भरली. मुंबईचे एअरमेल आणि वॉलिटी पेन, गांधीजींना स्वदेशी पेन करून देणारे राजमहेंद्रीचे रत्नम, सगळ्यांची रीत तीच होती: दांडी हीच दौत. अशा पेनाचं कधी काही अडत नाही. अडतं ते बोटीवरच्या काकांनी, आखातातल्या मामांनी किंवा अमेरिकेतल्या आत्याने आणलेल्या पेनाचं. डोंबिवलीसारख्या चाकरमान्यांच्या गावात तो पेन घरातली सगळ्यात भारी वस्तू असायचा, म्हणून तो फारसा वापरलाच जायचा नाही. कपाटात राहून तो कार्ट्रिजपेक्षा जास्त जगला.

या शोधाला धर्माच्या बाजूने पहिली हरकत येते ती मोहाची. जड वस्तूत जीव गुंतवू नये, हे कीर्तनात ऐकलेलं असतं. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला, जुनं वस्त्र टाकून नवं घेण्याचा दृष्टान्त तर दुःखाच्या प्रसंगी घरोघर निघतो. देहाचं जर हे, तर पेनाचं काय घेऊन बसलात? मुद्दा वजनदार आहे, पण ज्या घरांत तो दृष्टान्त सांगितला जातो, त्याच घरांत जुनं वस्त्र कधी टाकलं गेलेलं नाही. आजीचं नऊवारी लुगडं विरलं की त्याची गोधडी होते, गोधडी विटली की तिचं फडकं होतं आणि फडकं झिजलं की पायपुसणं.

हा क्रम बौद्ध विनयपिटकात जवळजवळ असाच आला आहे. चुल्लवग्गातली कथा अशी: राजा उदेनच्या राण्यांनी बुद्धाचा शिष्य आनंद याला पाचशे चीवरं, म्हणजे भिक्खूंची वस्त्रं, दिली. राजाला वाटलं, भिक्खू दुकान टाकणार की काय. त्याने आनंदाला गाठून विचारलं, एवढ्या वस्त्रांचं करणार काय? ज्यांची चीवरं विरली त्यांना वाटणार, असं आनंद म्हणाला. मग विरलेल्यांचं काय? त्यांची पांघरुणं. जुन्या पांघरुणांच्या गाद्यांच्या खोळी, खोळींची जमिनीवरची अंथरुणं, अंथरुणांची पायपुसणी, पायपुसण्यांची झाडायची फडकी. आणि फडकी फाटली की ती कुटून चिखलात मिसळून जमीन सारवायची. राजाचं समाधान झालं आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रं दिली. ही कथा कल्याणला परकी नाही. कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची दानं कोरलेली आहेत आणि भिक्खूंच्या चीवरांसाठी ठेवलेले कायमनिधीही तिथे नोंदलेले आहेत. ज्या धम्माने अनासक्ती शिकवली, त्यानेच चिंधीचा हिशोब शेवटपर्यंत ठेवला. आनंदाच्या उत्तरात वस्तूवर माया नाही आणि वस्तूची हेळसांडही नाही, आणि रिकाम्या कार्ट्रिजशी कसं वागावं हे ठरवायला तेवढं पुरेसं आहे.

गांधीजींच्या पेन्सिलीची गोष्ट काका कालेलकरांनी नोंदवून ठेवली आहे. 1915 च्या मुंबई काँग्रेसच्या वेळी गांधीजी पेन्सिलीचा एक बारका तुकडा शोधत होते. कालेलकरांनी आपली पेन्सिल पुढे केली, ती त्यांनी घेतली नाही. तो तुकडा मद्रासला नटेसन यांच्या लहान मुलाने प्रेमाने दिला होता, तो हरवू देणं त्यांना मान्य नव्हतं. शेवटी जेमतेम दोन इंचांचा तो तुकडा सापडला. अपरिग्रहाचं व्रत घेतलेला माणूस दोन इंच लाकडासाठी सगळ्यांना थांबवून ठेवतो, यात विसंगती दिसू शकते. पण गांधीजींनी तो तुकडा फडताळात ठेवला नव्हता. ते त्याने लिहीत होते.

दुसरं उत्तर विसर्जनाचं. पार्थिव गणपतीची मूर्ती मातीची असते, प्राणप्रतिष्ठेने ती देव होते आणि उत्तरपूजेनंतर अक्षता वाहून जागेवरून किंचित हलवली की पुन्हा माती होते. त्या इवल्याशा हलवण्यात एक पूर्ण तत्त्वज्ञान आहे: देवत्व वस्तूला चिकटलेलं नाही, ते बोलावलं तेव्हा आलं आणि निरोप दिला तेव्हा गेलं. ठाण्यात आता कृत्रिम तलावांत विसर्जन होतं आणि कोणाच्या श्रद्धेला त्याने धक्का बसत नाही. याच न्यायाने, काम संपलेल्या पेनाला हात जोडून निरोप द्यायला काय हरकत आहे?

हरकत अशी की तो निरोप लोक पुरा देत नाहीत. भंगलेली मूर्ती, काच तडकलेली तसबीर, आजीचं फाटकं स्तोत्र-पुस्तक हे कचऱ्यात टाकवत नाही, म्हणून पिंपळाच्या पारावर नेऊन ठेवलं जातं. ठाणे-डोंबिवलीत असे पार गल्लोगल्ली आहेत. तिथे ठेवलेले देव ना पूजेत असतात ना पाण्यात. न चालणारे पेनही बहुतेक घरांत अशाच एका पारावर असतात, फक्त तो पार टेबलाच्या खणात असतो.

तिसरा मार्ग जीर्णोद्धाराचा आणि तो सगळ्यात काटेकोर. अग्निपुराणात यावर स्वतंत्र विवेचन आहे. मूर्ती जीर्ण झाली तर लाकडाची अग्नीला द्यावी, पाषाणाची पाण्यात सोडावी, धातूची किंवा रत्नाची असेल तर ती खोल पाण्यात न्यावी, आणि तिच्या जागी त्याच मापाची, त्याच द्रव्याची नवी मूर्ती बसवावी. तेच माप आणि तेच द्रव्य! काउंटरवर कार्ट्रिज घुसवून बघणाऱ्या माणसाचं गाऱ्हाणं यापेक्षा वेगळं नसतं. विहिरी आणि तलावांच्या दुरुस्तीला त्याच पुराणाने मोठं पुण्य सांगितलं आहे, हे तलावांच्या ठाण्याला ऐकायला बरं वाटावं. मासुंदा तलावाच्या काठचं कोपिनेश्वराचं देऊळ मराठ्यांचे सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी 1760 मध्ये बांधलं आणि 1879 मध्ये गावाने वर्गणी काढून त्याची दुरुस्ती केली. दुरुस्तीनंतर कोपिनेश्वर बदलला, असं ठाण्यात कोणी म्हटलं नाही.

पण तत्त्वज्ञांनी म्हटलं असतं. न्याय-वैशेषिकांच्या मते वस्त्र म्हणजे नुसता धाग्यांचा ढीग नव्हे. धाग्यांतून निर्माण झालेली ती एक स्वतंत्र वस्तू आहे, तिला ते अवयवी म्हणतात. म्हणूनच एक धागा ओढून काढला की ते वस्त्र नष्ट होतं आणि उरतं ते नवं, 'खंडपट' नावाचं वस्त्र. हा हिशोब लावला तर नळी बदललेला पेन आजोबांचा पेन उरत नाही. बौद्धांना हे ओझंच नको होतं. 'मिलिंदपञ्ह'मध्ये भिक्खू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो, आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? यातलं काहीच रथ नाही; सगळं मिळून जे काम चालतं त्याला रथ म्हणायची पद्धत आहे. असंच 'आजोबांचा पेन' हेही व्यवहाराचं नाव. नाव चालू आहे तोवर पेन तोच.

न्यायपरंपरेकडे मात्र आणखी एक पळवाट होती आणि ती दुकानदाराच्या उपयोगाची आहे. 17 व्या शतकात विश्वनाथ न्यायपंचाननाने 'कारिकावली'त लिहिलं की आपण 'तेच औषध' घेतो असं म्हणतो, तेव्हा तीच मात्रा पुन्हा गिळत नसतो. 'तेच' म्हणजे त्याच जातीचं. गिऱ्हाईक फडके रोडवर "तेच कार्ट्रिज द्या" म्हणतं तेही याच अर्थाने. औषधाच्या बाबतीत रोग बरा झाला की जात जुळली. पेनाच्या बाबतीत शाई न गळता कागदावर आली की जुळली. मूळ पाकीट, मूळ छाप, मूळ रंग हा आग्रह त्यापुढचा आहे, आणि त्याला तर्काचा आधार उरत नाही.

या वादाला मराठीत सगळ्यात ऐटदार उत्तर समर्थ रामदासांनी दिलं आहे. तेही तत्त्वचर्चेत नाही, हस्ताक्षराच्या शिकवणीत. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर वाटोळं, सुटं आणि काळंभोर असावं, ओळी सरळ असाव्यात, बोरू नाना तऱ्हेचे जवळ बाळगावेत, ते तासायला चाकू असावेत, अशा सूचना तिथे ओळीने येतात. त्यात एक अपेक्षा अशी की सबंध ग्रंथ पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत एकाच टाकाने लिहिल्यासारखा दिसावा. या अपेक्षेतच कबुली दडली आहे. ग्रंथ एका टाकाने लिहून होत नाही. बोरू झिजतो, फुटतो, पुन्हा तासावा लागतो, टाकून दुसरा घ्यावा लागतो. एकपण टाकात नसतं. ते हाताच्या वळणात सांभाळावं लागतं आणि त्यासाठीच टाक बदलत राहावे लागतात. समर्थांना मोडका बोरू जपून ठेवणारा शिष्य आवडला नसता, हे त्या समासाच्या सुरावरून सहज कळतं.

चौथाही एक मार्ग आहे आणि तो या सगळ्यांच्या उलट जातो. काही वस्तू वापरासाठी जपल्याच जात नाहीत. नालासोपारा ठाणे जिल्ह्यात होतं, त्या काळी 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथला स्तूप उकरला. आत दगडी पेटी, तिच्यात एकात एक बसवलेले करंडक आणि सगळ्यात आत मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे निघाले. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानले गेले. त्या खापरांत आता कोणी भिक्षा घेणार नव्हतं. त्यांच्याभोवती सोनं होतं, चांदी होती, स्फटिक होता. नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेब आंबेडकरांचे कपडे आणि त्यांचं टंकलेखन यंत्र ठेवलं आहे, तेही याच भावनेने. बाबासाहेबांची फाउंटन पेनांची आवड सर्वश्रुत आहे. त्यांचा एखादा पेन समोर आला तर त्यात शाई भरून सही करून पाहावी, असं कोणाही शहाण्या माणसाला वाटणार नाही.

तेव्हा पेच असा: घरातला पेन स्तूपातला की कपाटातला? संग्राहक त्याला स्तूपातला मानतात. ते सी/एफची सीलबंद पाकिटं शोधतात आणि मिळाली तर फोडत नाहीत. फोडली तरी आत शाई असेलच असं नाही, कारण प्लास्टिकच्या भिंतीतून पाणी वर्षानुवर्षं उडत राहतं आणि तळाला रंगाची खपली उरते. तिच्यात डिस्टिल्ड वॉटर घालून ती पुन्हा शाई करता येते, पण तसं करणारा संग्राहक विरळा. अंबरनाथचं 1060 चं शिवालय या बाबतीत जास्त समंजस आहे. पुरातत्त्व खात्याच्या पाटीखालून भाविक आत जातात, पिंडीवर पाणी घालतात आणि महाशिवरात्रीला जत्राही भरते. तिथलं शिल्प राखलं जातं आणि पूजाही थांबत नाही. घरच्या पेनाला अवशेषाचा मान द्यायचा तर त्यामागे सोपाऱ्याइतकं कारण हवं. नातवाने त्याने पोस्टाचं एक पाकीटही लिहिलं नाही, तर जपलं ते फक्त धातू आणि प्लास्टिक.

लिहायचंच ठरलं तर मार्ग अवघड नाहीत. जुनं रिकामं कार्ट्रिज हाती असेल तर ते फेकू नये. कोमट पाण्याने दोन-तीनदा धुवावं, पालथं ठेवून वाळू द्यावं. मेडिकलमधून सिरिंज आणावी, सुईचं टोक बोथट करून घ्यावं आणि बाटलीतली शाई हळूहळू नळीच्या तळापासून वर भरत आणावी. वरून ओतली तर मधे हवा अडकते. चकाकीच्या कणांची किंवा पिगमेंटची शाई जुन्या निबेखालच्या बारीक वाटांत बसून राहते, त्यापेक्षा साधी निळी बरी. दांडी प्लास्टिकची किंवा एबोनाइटची असेल आणि तिला कुठे भोक नसेल, तर आट्यांना सिलिकॉन ग्रीस लावून दांडीतच शाई भरता येते. धातूच्या दांडीत हे करू नये, शाई तिला खाते.

मूळ कार्ट्रिज मिळेनासंच झालं, तर काही जुन्या पेनांत, नळी जिथे टोचली जाते त्या टोकावर रबराची पिशवी लाखेने चिकटवतात. लाख का? उद्या कोणाला मूळ माप सापडलंच तर ऊब देऊन ती सोडवता येते आणि पेनाचं काही बिघडत नाही. सुपरग्लूने हे होत नाही. संग्राहकाच्या लेखी असा पेन मूळचा राहत नाही आणि त्याची किंमत उतरते. अग्निपुराणाच्या शब्दावर बोट ठेवलं तरी द्रव्य बदललंच. पण मंदिरासाठी लिहिलेला नियम खिशातल्या पेनाला जसाच्या तसा लावण्यापेक्षा आनंदाच्या फडक्यांचा हिशोब इथे जास्त जवळचा आहे.

आणि नळीचं काय? भरून भरून तिचं तोंड सैल होतं, शाई टोपणात उतरायला लागते, मग ती टाकावीच लागते. लाकूड अग्नीला आणि पाषाण पाण्याला द्या म्हणणाऱ्या अग्निपुराणाला प्लास्टिक ठाऊक नव्हतं. महापालिकेला ठाऊक आहे. तिच्या नियमाने ते सुक्या कचऱ्यात जातं. दोन बोटांत मावणारी ती नळी वेगळी काढायला कचऱ्याच्या ढिगापाशी कोणी बसत नाही, म्हणून शक्य त्या पेनात रबराची पिशवी किंवा कन्व्हर्टर (पुन्हा पुन्हा भरता येणारी नळी) बसवून बाटलीच्या शाईवर परत जाणं हाच त्यातल्या त्यात कमी कचऱ्याचा सौदा ठरतो. कॅमलची निळी बाटली तर त्याच दुकानात, पाचवीच्या पेनांच्या शेजारीच ठेवलेली असते.